कार्ड मिळालं

४ मार्च

चि. खटपट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे चुकलं असेल तर तू लगेच ओरडशील. लोखंडी खोकं, आत वीज पुरवणारा डबा बसवलेला, अठराशे. मुख्य पाटी आणि तिच्यावरचा प्रोसेसर मिळून साडेनऊ हजार. दुकानदार दहाला अडला होता, मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा उतरला. हार्ड डिस्क एक, चार हजार दोनशे. मेमरीची एक कांडी, बाराशे. पडदा जुना आहे, बंद पडलेल्या एका प्रवासी कंपनीच्या कचेरीतला, दोन हजार. त्याच्या डाव्या कोपऱ्यात जरा हिरवट झाक आहे, पण आमची चिंगी म्हणते चालेल. कीबोर्ड आणि माऊस मी त्यातच घालून घेतले. झाले अठरा हजार सातशे. पैसा माझ्या घरखर्चातून राखलेला आहे, त्यामुळे ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तोंड उघडलं नाही.

तू दुकानात रोज मशिनं जुळवतोस, म्हणून तुला विचारते. हे स्टुडिओत कॅमेरा चालवतात आणि चिंगी दोन वर्षं तिथंच एडिटिंग करत होती, ते तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तिनं ते सोडलं. घरी बसून काम करायचं म्हणते. परिचारिकांच्या शाळेतल्या मेट्रनबाईंनी तिला पहिलं काम दिलं आहे. शिकाऊ मुलींना दाखवायची फिल्म आहे, रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, पट्टी कशी बांधायची. सहा टेपा भरून चित्रण त्यांच्याकडे आहेच. कापून, जोडून, वर बोलणं घालून द्यायचं. नवी तुकडी एक एप्रिलला येते, म्हणून एकतीस मार्चला फिल्म त्यांच्या हातात पडली पाहिजे.

आमच्या घरातही तीच तारीख ठरली आहे. ह्यांनी स्टुडिओच्या मालकांना शब्द देऊन टाकला. मला म्हणाले, "एकतीसला फिल्म दिली तर बसू दे लेकीला घरी. नाही दिली तर एक तारखेला मुकाट स्टुडिओत. माझ्या तोंडाला काळं नको." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हा सांग, अजून काय लागेल? दुकानदार खेळांसाठीचा एक महागडा भाग गळ्यात मारायला बघतोय, आणि मोठे स्पीकर. चिंगी म्हणते टेप ह्या मशिनीत आपोआप शिरायची नाही, मधे आणखी काहीतरी लागतं. ते काय, आणि कुठलं घ्यायचं? इंग्रजी नावं घालू नकोस. मागच्या पत्रातलं निम्मं मला शब्दकोशातही सापडलं नाही. मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीस होते मला, ते तुझ्यासाठी वाढणार नाहीत.

फोन करू नकोस. घरचा फोन स्टुडिओचा आहे. बिल मालक भरतात आणि कुणाशी किती वेळ बोललो ती यादीही तेच वाचतात.

देव तुला सुखात ठेवो.

तुझी ताई


८ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

दुकानदाराला दारापर्यंत जाऊन घाबरवणारी बाई आमच्याकडे आली तर आमचे शेठ शटरच खाली ओढतील. भाव चांगला पडला. आता स्वयंपाकघरातच समजावतो.

हार्ड डिस्क म्हणजे फडताळ आणि मेमरी म्हणजे ओटा. फडताळ कितीही मोठं असलं तरी काम होतं ते ओट्यावर. तू एकच कांडी घेतलीस, म्हणजे ताटाएवढा ओटा आणि त्यावर शंभर माणसांचा स्वयंपाक! व्हिडिओचं काम तसंच असतं. दुसरी कांडी घेच, आणि पहिलीसारखीच घे, जोडी जमली पाहिजे.

फडताळंही दोन लागतील. एकात अवजारं, दुसऱ्यात टेपा. एकाच दारातून काढायचं नि त्याच दारातून ठेवायचं म्हटलं की गर्दी होते आणि चित्र अडखळतं. तासाभराच्या टेपेला तेरा जीबी जागा लागते. सहा टेपांचा हिशेब तू माझ्याआधी करशील.

खेळांचा भाग नको. स्पीकर तर मुळीच नको. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घे. खोलीतल्या पंख्याची घरघर स्पीकरवर कळत नाही, कानात कळते.

आता मुख्य वस्तू. हिरवी पट्टी असते, तळहातापेक्षा थोडी मोठी. मुख्य पाटीवरच्या खाचेत उभी बसते आणि टेपवरचं चित्र नि आवाज आत ओढून घेते. स्वस्तातली तीन हजार दोनशेला आहे, पण ती फक्त चित्र ओढते, आवाज दुसऱ्या वाटेनं आणावा लागतो. मग अर्ध्या तासानं ओठ पुढे आणि शब्द मागे. चांगली पट्टी दोन्ही हाताला धरून आणते. ती सात हजार चारशे. तुमच्याकडे मिळायची नाही, मी पाठवू शकतो.

पण ताई, खरं बोलू? एवढी घाई कशाला? तीन महिने थांब, ह्याच वस्तू निम्म्या भावात येतील. तोवर चिंगीनं स्टुडिओतच करावं की काम. तिथं सगळं आयतं आहे, वर ती आवाजबंद खोली! तसल्या खोलीसाठी इथं लोक तासावर भाडं मोजतात. मालकही भला माणूस. मागच्या खेपेला मला स्वतःच्या गाडीनं स्टेशनवर सोडलं. कुठं काही बोलाचाली झाली असेल तर तिला म्हणावं, नाकावरचा राग जरा खाली उतरव. ह्या वयात असं होतंच.

भाऊजींना नमस्कार.

तुझा खटपट्या


१२ मार्च

चि. खटपट्यास आशीर्वाद.

तीन महिने थांब, असं पुन्हा लिहू नकोस. आणि नाकावरच्या रागाचंही नको. ज्याचं जळतं त्याला कळतं.

दुसरी कांडी घेतली, जोडीची, अकराशेला. दुसरी डिस्क मोठी घेतली. सहा तेरं अठ्ठ्याहत्तर, म्हणून ऐंशीची. हेडफोन घेतला, स्पीकर परत केले. चिंगीनं खोकं उघडून सगळं स्वतःच्या हातानं बसवलं. मशीन सुरू झालं, बारीक शीळ घातल्यासारखा आवाज करतं. आता तुझी ती पट्टी तेवढी राहिली. टेप आत ओढते म्हणून चिंगी तिला ओढणी म्हणते. चांगली, सात हजार चारशेची ओढणी पाठव. मनीऑर्डर आजच केली आहे. देवासाठी बाजूला काढलेले त्यात घातले. देव रागावायचा नाही, त्याला सगळाच हिशेब कळतो.

ह्यांचं रोज एकच चाललं आहे. काल जेवताना म्हणाले, "मालक विचारत होते, लेक कधी येतेय? तिच्यासाठी नवी खुर्ची घेतलीय म्हणाले. गादीची, फिरती. एवढं कोण करतं गं आपल्या माणसासाठी?" चिंगी ताटावरून उठली. हे म्हणाले, "बघ, ही मिजास!" मी ताट झाकून ठेवलं. थोड्या वेळानं आत गेले तर तिनं मशिनीचं टेबल फिरवलं होतं. आता ती बसते तेव्हा पाठ भिंतीला लागते आणि तोंड दाराकडे असतं. मी विचारलं, "उजेड डोळ्यांवर येईल ना?" तर म्हणाली, "येऊ दे."

सगळं लिहीत नाही. पत्र कुणाच्याही हाती पडतं. एवढंच समज, एक तारखेला ती तिथं जाता कामा नये. मला दुसरं मागणं नाही.

ताई


१५ मार्च (पोस्टकार्ड)

ती. ताईस सा. नमस्कार.

दुकानात आज श्वास घ्यायला फुरसत नाही, पत्र लिहायला कुठली! मनीऑर्डर मिळाली. कार्ड पाठवत आहे. मिळताच पोच दे, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल. मग पुढचं सविस्तर लिहितो.

खटपट्या


१८ मार्च (पोस्टकार्ड)

चि. खटपट्यास आशीर्वाद.

तुझं कार्ड आज मिळालं, लगेच पोच देते. चिंगी सगळं जोडून तयार बसली आहे. मेट्रनबाईंकडून टेपाही आल्या. आता पुढचं सविस्तर लवकर लिही, एकेक दिवस मोलाचा आहे.

ताई


२२ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

कार्ड मिळालं, वाचून हायसं वाटलं. रस्त्यात कुणी आपटलं असतं तर सात हजार चारशेचा खुळखुळा झाला असता. चिंगीनं जोडूनही टाकलं म्हणतेस, मग ती माझी भाची खरी.

आता तिला सांग. आधी दहाच मिनिटांची टेप ओढून बघ. मेट्रनबाईंचे ओठ आणि शब्द शेवटपर्यंत बरोबर चालतात का, ते पाहा. मग तासाची घे. टेप आत येत असताना मशिनीवर दुसरं काही करायचं नाही, पत्त्यांचा खेळसुद्धा नाही. दर दहा मिनिटांनी काम राखून ठेवायचं. मशीन अडकलं तर त्याला थापट्या मारायच्या नाहीत. हे तुझ्यासाठी लिहितो, तू रेडिओला मारायचीस. आवाजासाठी एक सूचना, वरचं बोलणं घरीच रेकॉर्ड करणार असाल तर पंखा बंद ठेवा आणि पडद्यापासून लांब बसा.

पत्त्याचं मात्र मी शहाणपण केलं. तू दुपारी प्रवचनाला जातेस, चिंगी कानांवर हेडफोन घालून बसलेली, टपालवाला कडी वाजवून परत जायचा. म्हणून पार्सल भाऊजींच्या नावानं स्टुडिओच्या पत्त्यावर रजिस्टर केलं. तिथं कायम कुणीतरी असतं. मालकांनी स्वतः सही करून घेतलं, पोचपावती परवाच माझ्याकडे आली. त्यांना माझे आभार सांग. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या पार्सलासाठी सही करायची म्हणजे कौतुकच.

चिंगीला म्हणावं, मामाचं नाव फिल्मच्या शेवटी बारीक अक्षरात घाल.

तुझा खटपट्या


२५ मार्च (जलद टपाल)

चि. खटपट्यास,

तुझं पत्र आज सकाळी आलं. पहिलीच ओळ मी तीनदा वाचली. अरे, कार्ड म्हणजे तुझं पोस्टकार्ड! तुमच्या दुकानी भाषेत त्या पट्टीलाही कार्डच म्हणतात, हे मला कुठं ठाऊक? पत्राला वेळ नाही, कार्ड पाठवतो, असं तू लिहिलंस, ते कार्ड माझ्या हातात होतं, मी पोच दिली. आम्ही आठवडाभर ओढणीची वाट बघत बसलो, आणि तू समजलास की ती मशिनीत बसली. मग खालची ओळ वाचली. स्टुडिओचा पत्ता! आणि त्याची सही!

आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तू ज्या खोलीचं कौतुक लिहिलंस, तिच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या आहेत. दार लागलं की आतलं बाहेर येत नाही. चिंगी आत काम करत असली की हा माणूस आत यायचा, दार लावायचा आणि "बघू काय केलंस" म्हणत खुर्चीमागे उभा राहायचा. पुढचं माझ्यानं लिहवत नाही. एकदा तिनं हात झटकला. दुसऱ्यांदा उठून उभी राहिली. तिसऱ्यांदा ओरडली. घरी येऊन मला म्हणाली, "आई, मी एवढ्यानं ओरडले, आणि बाबा बाहेर दिवे लावत होते."

ह्यांना मी सांगितलं नव्हतं. पगार त्याचा, कॅमेरा त्याचा, घरातला फोन त्याचा. हे विश्वास ठेवणार नाहीत, ही भीती कमीच होती. विश्वास ठेवतील आणि तरी गप्प बसतील, ही जास्त होती. मग मी काय केलं असतं? तसल्या माणसाला रोज जेवायला कसं वाढलं असतं?

पत्र कनवटीला लावलं, चिंगीला आतून कडी घालायला सांगितली आणि स्टुडिओत गेले. हे कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. तो टेबलाशी होता.

"या या वहिनी! आज इकडं कुठं वाट चुकलात?"

म्हटलं, "आमचं पार्सल आहे तुमच्याकडे."

"तुमचं? पत्ता तर इथला होता. मला वाटलं, स्टुडिओसाठीच पाठवलंय तुमच्या भावानं." हसला. "बसवलंसुद्धा आमच्या मशिनीत. झकास चालतंय. आता वापरणारीला पाठवून द्या म्हणजे झालं. घरचीच पोर आहे, रुसवा किती दिवस धरायचा?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "तू कशाला आलीस? संध्याकाळी बोललो असतो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

हे वायरकडे बघत राहिले. "मालक म्हणाले, एक तारखेपर्यंत राहू दे इथं. मग ती येईलच म्हणाले."

आठ दिवस, खटपट्या. पोर दाराकडे डोळे लावून बसली होती आणि हे रोज तिच्यासमोर जेवत होते. मनात देवाचं नाव घेतलं. मग बोलले. "ती त्या खोलीचं दार उघडं टाकून काम करायची म्हणून तुम्ही तिला चारचौघांत बोललात. रस्त्यावरचे भोंगे आत येतात, अक्कल नाही, म्हणालात. ती दार का उघडं ठेवायची, हे एकदा तरी विचारलंत?"

तो उठला. "वहिनी, हे काय भलतंच..."

"तुम्ही मधे बोलू नका. मी माझ्या नवऱ्याशी बोलतेय." आणि ह्यांना म्हटलं, "ती त्या खोलीत ओरडली होती. तुम्ही इथं, ह्या जागी होतात."

ह्यांनी हातातली वायर खाली ठेवली, त्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. आम्ही दोघं बाहेर उभे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, हे आत रडताहेत की काय. दार उघडलं, बाहेर आले.

"मी तुला हाक मारली," म्हणाले. "जीव खाऊन मारली. आली ऐकू?"

मी म्हटलं, "नाही."

मग ह्यांनी खिशातला पेचकस काढला आणि मशिनीचं खोकं उघडायला घेतलं. तो ओरडला, "हात लावू नका, मशीन माझी आहे!" ह्यांनी मानही वर केली नाही. पट्टी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर ह्यांनी ती चिंगीसमोर ठेवली आणि म्हणाले, "बघ चालते का." ती ह्यांच्याकडे बघेना. आता हे जिन्याच्या पायरीवर बसले आहेत. चहा नेऊन दिला, गार झाला. उद्या कामावर जाणार की नाही, ते विचारायची माझी छाती होत नाही.

चिंगी म्हणते, पट्टीबरोबर एक सीडी असते, ती तिथंच राहिली. आणि रुमालात गुंडाळल्यानं काही बिघडतं का? आता सहा दिवसही उरले नाहीत. सांग काय करू.

ताई


२७ मार्च (जलद टपाल)

ती. ताईस,

त्या माणसाला आभार सांगायला मी तुला लावलं. त्याच्या गाडीत बसून मी त्याला दोनदा "उपकार झाले" म्हणालो होतो. आता ते तोंडातून कसं काढू? पत्र दुपारी आलं, अजून जेवलेलो नाही. तुला नाकावरच्या रागाचं लिहिणारा मी गाढव आहे. चिंगीला हे वाचून दाखव, तिच्या तोंडून शिवी आली तर तीही कळव.

सीडीची प्रत ह्या पाकिटात आहे, दोन पुठ्ठ्यांमध्ये. पट्टी बसवण्याआधी वीज बंद करायची आणि खोक्याच्या लोखंडाला एकदा हात लावायचा. पट्टी कडेनं धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. दोन्ही टोकांनी सारखी दाबायची. खट् असं झालं की बसली. रुमाल सुती असेल तर बहुतेक वाचली असेल. बहुतेकच म्हणतो, खोटा धीर देत नाही.

बसली नाही, चित्र आलं नाही, तर खालच्या दुकानातून शेठच्या नंबरावर फोन करायला सांग. मी दुसरी पट्टी घेऊन रात्रीच्या गाडीनं निघतो. शेठना रजा विचारली, नाही म्हणाले. विचारायचं म्हणून विचारली होती.

भाऊजींबद्दल काय लिहू ते सुचत नाही. त्यांनी आत जाऊन हाक मारली, ते मात्र डोक्यातून जात नाही.

खटपट्या


२ एप्रिल

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

फिल्म दिली. एकतीस तारखेला दुपारी मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवली.

खट् झालं, पण चित्र पहिल्या दिवशी आलंच नाही. चिंगीनं पट्टी काढून शेजारच्या खाचेत बसवली तेव्हा आलं. मशीन दोनदा अडकलं, त्यातल्या एकदा अर्ध्या तासाचं काम गेलं. ती डोकं धरून बसली, मग उठून तोंड धुतलं आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. वरचं बोलणं मेट्रनबाईंचंच होतं. त्या आमच्या घरी आल्या. पंखा बंद केला, मी गोधड्या खिडकीला लावल्या. दार लावायला गेले तर चिंगी म्हणाली, "राहू दे उघडं." हे बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि बाई बोलत होत्या तेवढा वेळ येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून "हळू, हळू" करत राहिले. तरी एका गाडीचा भोंगा आलाच, जखमेच्या पट्टीला गाठ मारण्याच्या जागी. चिंगीला तो काढता आला नाही. बाईंनी फिल्म बघितली, भोंगा ऐकला आणि म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात काय शांतता असते? गाठ बसली ना नीट? मग झालं." तुझं नाव शेवटी आहे. बारीक अक्षर मागितलं होतंस, इतकं बारीक आहे की मला चष्म्यानंही लागलं नाही.

काल एक तारीख होती. हे सकाळी उठले, अंघोळ केली, कपडे घातले. कॅमेऱ्याची पेटी उचलली, दारात थांबले आणि चिंगीला म्हणाले, "परत करून येतो." तासाभरानं हात हलवत आले. दुपारी स्टुडिओचा माणूस येऊन फोन काढून घेऊन गेला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे. गावातल्या लग्नाच्या दोन घरांना मालकानं आधीच निरोप धाडलेत म्हणे, ह्यांना बोलावलंत तर माझे दिवे मिळणार नाहीत. म्हणजे पगार गेला आणि बाहेरचं कामही सहज मिळायचं नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण आज सकाळी चिंगी दाराकडे पाठ करून बसली होती.

आता असं आहे. मेट्रनबाईंना आणखी तीन फिल्मा हव्या आहेत, पण चित्रणही आम्हीच करायचं. मशीन आहे, ओढणी आहे, कापायला चिंगी आहे, कॅमेरा नाही. दोन जुने मिळताहेत. एक निवृत्त झालेल्या वकिलांचा, छोट्या टेपेचा, अकरा हजार, मागच्या बाजूला आवाजासाठी वेगळं भोक आहे. दुसरा एका बंद झालेल्या शिकवणीचा, मोठ्या टेपेचा, साडेसहा हजार, भिंग ह्यांच्या मते उत्तम, पण आवाज कॅमेऱ्यातलाच घ्यावा लागतो. हे म्हणतात भिंग बघा. चिंगी म्हणते, "आवाज नसेल तर भिंग काय चाटायचंय?" आठ दिवसांत बापलेक एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते असे. मी मधे पडले नाही. माझ्याकडे पाच हजार आहेत आणि कानातलं आहे, ते मी ह्यांना अजून बोलले नाही.

तुझ्या पट्टीला दोन्हींतला कोणता नीट जुळेल, आणि चित्र की आवाज, आधी काय धरायचं, ते स्पष्ट लिही. वकील शनिवारपर्यंत थांबणार आहेत. उलट टपाली कळव.

तुझी ताई